रणपिसे सरांची काकू

रणपिसे सरांना गप्प बसता येत नसे, आणि त्यांनी छंद लावून घेतला तो नेमका असा की त्यात गप्प बसण्यावाचून माणसाला दुसरं फारसं कामच नसतं. मुंगसासारखं एक लांबुळकं जनावर सशाच्या बिळात सोडायचं, बिळाच्या बाकीच्या तोंडांवर पिशवीसारखी जाळी लावायची आणि श्वाससुद्धा जपून घेत उभं राहायचं. आत शिरलेल्या जनावराच्या वासाने ससे बाहेर धाव घेतात आणि जाळ्यात अडकतात. पण वर कुणी बोललं, खोकलं, पाय आपटले, की सशाला कळतं वर माणसं आहेत. मग तो जागचा हलत नाही. या जनावराला जर्मनीत फ्रेटखेन म्हणतात. सर आपल्या फ्रेटखेनला काकू म्हणत.

त्याचं कारण त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं. सरांचं बोलणं नेहमी 'आल्झो'ने, म्हणजे जर्मन 'तर मग'ने, सुरू होई. "आल्झो, पल्लवी, मुद्दा असा, की जालन्याला माझी एक काकू होती. कुणाच्याही घरी गेली की बैठकीत टेकायची नाही. थेट आत! स्वयंपाकघर, कोठीची खोली, पार न्हाणीघरापर्यंत जाऊन यायची. आणि ती आत गेली की घरातली निम्मी माणसं मागच्या दाराने पसार. हिला पहिल्यांदा बिळात सोडली ना, तर मला काकूच दिसली बघ." घरी एक नरही होता. तो जाडजूड असून दिवसभर झोपलेला असे आणि कुठल्याच बिळात मावत नसे. त्याचं नाव अर्थातच काका.

हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत आम्ही दोघं मोजमाप विभागात होतो. सर विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. आमच्या खोलीत भलामोठा ग्रॅनाइटचा ओटा आणि त्यावर केसाच्या जाडीचेही तुकडे पाडून मोजणारं यंत्र. तिथे कुणी जोरात दार लावलं तरी माप चुकतं, म्हणून सगळे मांजराच्या पावलांनी वावरत. सर मात्र यंत्राशीच गप्पा मारत. "हं, बोल बाई, काय म्हणतेस? शून्य? गेनाऊ!" गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. सर हा शब्द पटलेल्या गोष्टीला वापरत, न पटलेल्या गोष्टीला वापरत आणि जालन्याला आईला फोन लावला की तिलाही ऐकवत. आई बिचारी "गेलाव कुठं?" असं विचारी आणि सर पुन्हा म्हणत, गेनाऊ.

न्युरेम्बर्गला दरवर्षी भीमजयंतीचा कार्यक्रम व्हायचा, त्याचं आयोजन सरांकडे. प्रास्ताविक पाच मिनिटांचं असं ठरायचं. सुजाता वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, पहिल्या रांगेत बसून आधी घड्याळ दाखवायच्या, मग डोळे वटारायच्या, आणि शेवटी उठून सरळ जेवणाच्या भांड्यांची झाकणं काढायच्या. वास सुटला की सभा आपोआप पांगायची. "तुमच्या भाषणाला एवढाच उपाय आहे," असं त्या म्हणत. पण सरांचं बोलणं कुणाला लागत नसे, त्यात कुणाचं वाईट नसेच. त्यांना जग फार आवडे आणि ते आवडतं हे ताबडतोब कुणाला तरी सांगायचं असे, इतकंच.

तर ही शिकार सुरू झाली मेथीपायी. सरांनी गावाबाहेर भाड्याची बाग घेतली होती. इकडे त्याला श्रेबरगार्टन म्हणतात: छोटासा तुकडा, छोटीशी झोपडी, आणि कुंपण किती उंच असावं याचे मोठमोठे नियम. सरांनी तिथे मेथी लावली. बियाणं जालन्याचं. मेथी तरारून आली, वहिनींनी भाजीचा बेत जाहीर केला, आम्हाला आमंत्रणं गेली, आणि रविवारी सकाळी पाहतात तर वाफा साफ. एक रानससा वाफ्याच्या मधोमध बसून शेवटची काडी चघळत होता. सर म्हणाले, तो त्यांच्याकडे बघून थांबलासुद्धा नाही.

दुसरा कुणी असता तर जाळी ठोकून मोकळा झाला असता. सरांनी शिकारीचा परवाना काढायचं ठरवलं, कारण इथे परवान्याशिवाय फ्रेटखेन घेऊन सशामागे जाता येत नाही. ती परीक्षा भल्याभल्या जर्मनांना घाम फोडते. लेखी सर सहज पास झाले. तोंडीला परीक्षकांनी पेंढा भरलेली जनावरं मांडून एकेक ओळखायला सांगितलं. पहिल्याच जनावरावर सर म्हणाले, आमच्याकडे याचा एक भाऊ असतो, मुंगूस. आणि मग साप-मुंगुसाची गोष्ट निघाली, मग जालन्याच्या बाजारातला गारुडी निघाला. वेळ संपली तेव्हा ओळखून झालेलं जनावर एकही नव्हतं. नापास. पुढच्या वर्षी वहिनींनी घरून शपथ घालून पाठवलं की फक्त नाव सांगायचं आणि तोंड मिटायचं. सर पास झाले आणि घरी येऊन वर्षभराचं तुंबलेलं सगळं एका संध्याकाळी बोलून टाकलं. आम्ही सगळे ऐकायला होतो. आम्हाला जेवण होतं ना.

"सर, तुम्ही बुद्धवंदना म्हणता आणि ससे धरता?" असं कुणीतरी एकदा खवचटपणे विचारलं. सर चिडले नाहीत. म्हणाले, "मटण खाताना मला कुणी विचारत नाही बघ. जाळं हातात धरलं की सगळ्यांना आठवतं." पण जाळ्यातला ससा हातात आला की पुढचं काम ते झटक्यात उरकत, आणि नंतर थोडा वेळ कुणाच्या नजरेला नजर देत नसत. घरी वहिनी त्या सशाचं येसर घालून कालवण करत. ते मी खाल्लं आहे आणि त्याबद्दल मला काहीही वाईट वाटत नाही.

त्यांचं पहिलं मोठं काम कबरस्तानातलं. इकडची कबरस्तानं म्हणजे बागाच असतात. म्हाताऱ्या बायका झारी घेऊन येतात आणि नवऱ्याच्या कबरीवर फुलझाडं लावतात. ती फुलं ससे खात होते. कबरस्तानात बंदूक चालवता येत नाही, म्हणून गावाने काकूला पाचारण केलं. मी मदतीला गेले, म्हणजे बघायला गेले. सरांनी जाळी लावली, काकूच्या गळ्यात घुंगरू आणि तिचा ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र बांधलं, आणि तिला एका कबरीमागच्या बिळात सोडलं. मग ओठ घट्ट मिटून उभे राहिले. चेहरा लाल झाला. मला वाटलं, हा माणूस आता फुटणार. जमिनीखालून धपधप आवाज आला. घाबरलेला ससा असा पाय आपटतो. आता बाहेर येणार, एवढ्यात सरांच्या खिशातला फोन ढोलताशाच्या सुरात वाजायला लागला. जालन्याहून आई.

फोन न उचलता बंद करावा की नाही? सरांनी उचलला. "आई, मी बोलू शकत नाही, काकू आत आहे," असं ते कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले. "कोणती काकू? ती तर वारली!" असं आई ओरडली, ते मलाही ऐकू आलं. "वारली नाही आई, जमिनीखाली आहे!" सर म्हणाले. मग ते पालथे झोपले, बिळात तोंड घातलं आणि हाका मारायला लागले, "काकू, ये बाळा, ये बाहेर!" शेजारच्या कबरीला पाणी घालणाऱ्या आजीबाईंनी हातातली झारी तशीच खाली ठेवली, छातीवर क्रूस काढला आणि त्या मागे न बघता फाटकाबाहेर गेल्या. ससा एकही मिळाला नाही. मी हसून हसून एका अनोळखी गृहस्थाच्या कबरीच्या कडेवर बसले होते. देव त्यांना शांती देवो.

हळूहळू मात्र सरांना जमायला लागलं. रेल्वेच्या भरावावर तर एका सकाळी जाळ्यामागून जाळं भरलं. पोस्टमन, बेकरीवाली, सगळे त्यांना ओळखू लागले. लोक त्यांच्या जॅकेटच्या गळ्यातून डोकावणाऱ्या काकूला आधी नमस्कार करत, मग सरांना. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

सरांना एक मुलगी, मैत्रेयी. सोळा वर्षांची, उंच, आणि घरात भिंतीसारखी. जन्म इथलाच. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये आणि तेही एका शब्दाचं. सर दहा वाक्यं बोलत, ती म्हणे, "जा, पापा." जर्मनमध्ये जा म्हणजे हो. सर पुन्हा दहा वाक्यं बोलत, ती खोलीत निघून जाई. सर हसून "गेनाऊ" म्हणत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे.

याला एकच जागा अपवाद होती. गावाच्या फेराइनने, म्हणजे क्रीडामंडळाने, आमच्या लोकांना एक जादाचं मैदान क्रिकेटला दिलं होतं. पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा सगळीकडची पोरं रविवारी तिथे जमायची आणि आरडाओरडा सगळा मराठीत. मैत्रेयी त्या संघाची सगळ्यात वेगवान गोलंदाज. मी धावा लिहायला बसायची आणि सर पंच. पंच गोलंदाजाच्या शेजारी उभा असतो. चेंडू टाकला की ती वळून ओरडायची, "बाबा, पायचीत होता!" "नव्हता." "होता! तू आंधळा आहेस का?" "लेगच्या बाहेर होता गं." "आईशप्पथ, बाबा, मधल्या स्टंपावर होता!" सर मुद्दाम बोट वर करत नसत. चक्क बाद असलेल्या फलंदाजालाही ते खेळू देत, आणि फलंदाजसुद्धा समजून गप्प राहत. एकदा मी त्यांना टोकलं, तर म्हणाले, "पल्लवी, घरी ती मला आठवड्यात जेवढं बोलत नाही ना, तेवढं इथे एका षटकात बोलते. माझ्या भाषेत बोलते. मी बाद दिला की भांडण संपलं. कशाला देऊ?"

आणि त्याच मैदानाला सशांनी भोकं पाडली. आधी कडेला, मग आत. फुटबॉल खेळणाऱ्या एका काकांचा पाय बिळात जाऊन मुरगळला आणि मंडळाचे अध्यक्ष हेर ब्रुकनर यांनी सभा बोलावली. ब्रुकनर भला माणूस, पण नियमाचा पक्का. म्हणाले, सोमवारी कार्यकारिणी बसते आहे. ससे तसेच असतील तर मैदान बंद करून शेतकऱ्याला परत द्यावं लागेल. वसंत आला की बिळांत पिल्लं होतात, मग त्यात काही करता येत नाही. रविवारी इथे असलं काम चालत नाही, म्हणून हाती फक्त शनिवार होता. सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे परवाना आहे आणि काकू आहे." एवढंच बोलून खाली बसले. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शुक्रवारी त्यांनी सगळ्या कुटुंबांना ग्रुपवर आवाजी सूचना पाठवल्या. त्या ऐकून संपेपर्यंत माझा अख्खा डबा खाऊन झाला. मुद्दे दोन होते. एक, मैदानावर कुणीही तोंड उघडायचं नाही. दोन, काकूला काहीही खायला घालायचं नाही. सकाळी अगदी थोडंसं दिलेलं असेल. भरल्या पोटाने ती आत गेली तर बिळातल्या मऊ गवतात ताणून देते.

शनिवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. आमचे लोक आले ते सहलीला आल्यासारखे, डबे, थर्मास आणि कानटोप्यांसकट. पण सांगून ठेवल्याप्रमाणे सगळे गप्प. इतकी मराठी माणसं एका जागी गप्प उभी असलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. खुणांनी चहा विचारला जात होता, खुणांनी नको म्हटलं जात होतं, खुणांनी आग्रह होत होता. प्रत्येक जाळ्यापाशी एक जण. मैत्रेयीसुद्धा एका जाळ्यापाशी गुडघे टेकून बसली होती. सरांनी काकूला छातीशी धरून तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बिळात सोडलं. काकूने आत जाण्याआधी एक मोठी जांभई दिली. ते मला काही बरं दिसलं नाही.

घुंगराचा आवाज आत आत गेला आणि थांबला. आम्ही थांबलो. आणखी थांबलो. मैदानाच्या पार पलीकडे, जिथे एकही जाळं नव्हतं, तिथून एक ससा सावकाश बाहेर आला, आमच्याकडे बघत बसला आणि मिशा पुसू लागला. सरांनी काकूच्या गळ्यातल्या यंत्राचा संदेश पकडणारं हातातलं यंत्र जमिनीवरून फिरवत नेलं. ते नेमकं खेळपट्टीच्या चटईवर मध्यभागी पीप पीप करू लागलं. काकू बरोबर तिच्याखाली झोपली होती.

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कुणी काय घातलं तिला?"

मग सुजाता वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, एक अंडं फक्त. उपाशी पोटी कामाला कसं पाठवायचं तिला?" संघाच्या कप्तानाने सांगितलं की त्याने गाडीपाशी चिकनचा छोटा तुकडा दिला होता, शुभशकुन म्हणून. देशपांडे काकूंनी, म्हणजे माणसांतल्या काकूंनी, वाटीभर साय आणली होती. "ती बघत होती हो माझ्याकडे," असं त्या म्हणाल्या. मैत्रेयीने खाली मान घालून "लेबरवुर्स्ट", म्हणजे कलेजीचं सॉसेज, एवढंच म्हटलं. हेर ब्रुकनर इतकी वर्षं आमच्यात वावरून बिघडलेले. त्यांनी विचारलं काय चाललंय, कळल्यावर ते लालबुंद झाले आणि म्हणाले, मीही, अगदी थोडं, नाश्त्यातलं. शेवटी सगळे सरांकडे बघायला लागले, कारण सर स्वतःच खाली बघत होते. "निघताना कलेजी दिली," सर म्हणाले. "मोठं काम आहे म्हटलं."

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. पण मग ते आवरेना. पोट धरून लोक गवतावर बसले, ब्रुकनर डोळे पुसायला लागले, पलीकडचा ससा दचकून पुन्हा आत गेला. सरही हसले, आणि हसता हसता थांबले.

ब्रुकनरनी फावडं आणलं. खणलं तर काकू मिळेल, दुपारपर्यंत आणखी एक प्रयत्नही होईल. पण खणायचं म्हणजे आपली खेळपट्टी आपल्याच हातांनी उकरायची, आणि वरची माती तिच्या अंगावर ढासळली तर? सरांनी त्यांच्या हातातलं फावडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "नको. झोपू दे तिला. उठली की येईल." ब्रुकनर म्हणाले, "मला सोमवारी खरं तेच सांगावं लागेल." सर म्हणाले, "गेनाऊ." या वेळी तो शब्द त्यांनी अगदी हळू म्हटला.

मैदानाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. गेलं. तिथे आता मका असतो. संघ न्युरेम्बर्गच्या एका मोठ्या क्लबात विरघळला, तिथे पंच पगारी आणि परके. मीही उंटरश्लाइसहाइमला दुसरी नोकरी धरली आणि सरांची माझी भेट आता फोनवरच होते. म्हणजे ते बोलतात, मी ऐकते. पण सर म्हटलं की मला दिसतात ते त्या दुपारचे.

लोक जेवून पांगले होते. काकूला बाहेर यायला वाट मोकळी असावी म्हणून जाळी काढली होती, त्यामुळे आता गप्प राहायचंही कारण नव्हतं. सरांनी बिळाबिळाशी जाऊन इतक्या हाका मारल्या की घसा पार बसला. तोंडातून नुसती हवा निघायला लागली. मग मैत्रेयी उठली आणि खेळपट्टीजवळच्या बिळाशी पालथी पडली. "काकू, कोम," ती म्हणाली. "कोम राउस." काही नाही. काकूला आजवर जर्मनमध्ये कुणी हाक मारली असेल असं मला वाटत नाही. मैत्रेयीने थोडं थांबून पुन्हा सुरुवात केली.

"काकू, ये ना गं. सगळे गेले आता. मी नाही रागावणार, प्रॉमिस."

मी थर्मास परत न्यायला आले होते, ती जागच्या जागी थांबले. मैत्रेयीला मी दिसत नव्हते. सर तिच्या मागे काही पावलांवर दुसऱ्या बिळाशी बसले होते. त्या बिळातून काकू बाहेर आली. अंग लांब ताणून, अंगावरची माती झटकत, काहीच घडलं नसल्यासारखी. सरांनी तिला अलगद उचललं, मुठीत घुंगरू दाबून धरलं, आणि हाक मारायला तोंड उघडलं.

"बाबाला वाटतं, मी त्याच्याशी बोलत नाही," मैत्रेयी बिळात सांगत होती. "पण तो किती बोलतो, माहितीये ना तुला? आल्झो, मला मध्ये जागाच नाही मिळत. मी मनात वाक्य तयार करते ना, तोपर्यंत तो पुढच्या गोष्टीवर गेलेला असतो. मग मी जा म्हणते. ग्राउंडवर कसं, बॉल टाकला की त्याला थांबावंच लागतं. आता ग्राउंड पण नाही राहणार. मग मी कुठे बोलू?"

सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. काकूला जॅकेटमध्ये सरकवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी दिसताच त्यांनी डोळ्यांनीच मला विनवलं, सांगू नकोस. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही, आणि तरी आम्हा दोघांना हसू येत होतं, कारण त्यांचं पोट जॅकेटच्या आतून इकडून तिकडे हलत होतं.

मैत्रेयी आता शाळेतलं सांगत होती, गणिताच्या बाईंचं, एका मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं, घरी कधीच न सांगितलेलं सगळं. मधेच तिने विचारलं, "काकू, ऐकतेस ना?"

सर जॅकेट पोटाशी घट्ट धरून, तिच्या पाठीमागे, जोरजोरात मान डोलावत होते.